नव्या जिल्ह्याची पाण्याची रीत

जग संपल्यावर आपल्याकडची माणसं काय खातील, असं मला माझ्या नातीनं विचारलं. मी म्हणालो, "आत्ता खातात तेच. ज्वारी. ती बी पिकली तर."

मला वाटलं पोरगी चेष्टा करते. पण ती मान खाली घालून मोबाईलवर लिहून घेत होती.

ते दुष्काळाचं साल होतं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते. त्याच्या आदल्या थंडीत माझी बायको गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणली ती झाकूनच आणली. त्यावर जास्त लिहीत नाही. पुण्यानुमोदन झालं आणि मुलगा म्हणाला, "बाबा, लातुरात एकटे बसून काय करून राहिलात? पाणी न्हाई तिथं, माणूस बी न्हाई. चला नांदेडला." खोलीला कुलूप लावलं आणि आलो. एक ट्रंक आणली आणि तिचा पितळी तांब्या.

नांदेडला गोदावरी आहे म्हणतात. त्या साली तिच्यात खडकच जास्त होते. नळ आला तर आला. सून चांगली आहे, वेळेवर ताट वाढते, "मामा, गोळी घेतली का" विचारते. पण त्या घरात कोणी कोणाला पाणी देत नाही. भिंतीला पाणी गाळायचं मशीन आहे, ज्याची त्याची बाटली आहे. लग्न झाल्यापासून मी घरात स्वतःच्या हातानं पाणी घेतलं नव्हतं. बाहेरून आलो की ती तांब्या घेऊन समोर उभी. तांब्या खाली ठेवायची नाही. हातात द्यायची, आणि माझी बोटं नीट बसली की मग सोडायची. आता मी तोच तांब्या मशीनखाली धरून भरायचो आणि उशाशी ठेवायचो. रात्री पुष्कळदा प्यायचा राहून जायचा.

नातीच्या खेळाचं सांगतो. ती कॉलेजात शिकते. रविवारी दुपारी तिच्या वर्गातली दोघं घरी यायची. एक देगलूरचा पोरगा, त्याच्या बापाची आडत आहे आणि जमीन बी बक्कळ. दुसरी मुदखेडची पोरगी, तिचा बाप रेल्वेत. तिघं पुढच्या खोलीत सतरंजी टाकून बसायची. पट नाही, सोंगट्या नाहीत. नात गोष्ट सांगायची, बाकीची दोघं त्या गोष्टीतली माणसं व्हायची. "तू वेशीपाशी आलास, आता काय करतोस?" असं ती विचारायची. तो सांगायचा. अडलं की फासा टाकायचा. फासा पण आपला नाही, वीस बाजूंचा, चिंचोक्यापेक्षा जरा मोठा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फसलं.

गोष्ट अशी की जग बुडालंय. सरकार नाही, वीज नाही, पाऊस नाही. उरलीसुरली माणसं टोळ्या करून राहतात. खेळ परदेशातला, त्यात तिकडचेच मुलूख दिलेले. नातीला त्यात आपला मुलूख बसवायचा होता. नांदेड, लातूर, देगलूर, किनवटचं जंगल, सगळं. पण नुसती गावाची नावं घालून मुलूख होत नाही, असं तिचं म्हणणं. माणसं काय खातात, लग्न कसं लावतात, शपथ कशाची घेतात, पाहुण्याला काय देतात, हे पाहिजे. ते ती कसं ठरवणार? ती जन्मली नांदेडात, वाढली इंग्रजी शाळेत. म्हणून खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याला विचारणं सुरू झालं.

मला खोटं बोलता येत नाही, आणि त्या दिवसांत कोणी काही विचारलं तर बरं वाटायचं.

"आबा, पैशाच्या जागी काय चालेल?"

"कडबा."

"आणि लग्नात काय देतील?"

"नवरीला रांजण. पोराकडच्यानं आधी वाजवून बघायचा, फुटका न्हाई ना."

देगलूरचा पोरगा म्हणाला, "आजोबा, कलेक्टर असंल का हो?"

"आसंल की. जग बुडालं तरी कलेक्टर राहतो. टँकर राहत न्हाई."

मुदखेडवाली हसून लोळली. मग तिनं तिचं घातलं. रुळांच्या कडेनं राहणारी एक जात, जी जुन्या डब्यांत घरं करते आणि जंक्शनवर बाजार भरवते. देगलूरवाल्यानं सांगितलं की सीमेवरचे पहारेकरी पाण्याला तेलुगूत 'नीळ्ळू' म्हणणार, आमच्याकडं आत्ता बी निम्मी माणसं म्हणतात. आठवड्याच्या एका वाराला त्यांनी टँकरवार नाव दिलं. टँकर केव्हाच बंद पडलेत, पण त्या दिवशी सगळी माणसं रिकाम्या घागरी घेऊन रांगेत उभी राहतात, सण म्हणून. हे मुदखेडवालीचं डोकं. मला ते लई आवडलं. आम्ही बी अशा रांगेत उभं राहिलेलो, सण नव्हता इतकाच फरक.

मुलखाचं नाव पण माझ्याकडून गेलं. लातूर जिल्हा नवा झाला त्या साली मला एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली, हे मी सांगत होतो. तोवर आमचं गाव उस्मानाबादेत होतं. चौथी पास होतो, तेवढं पुरलं. गावातले म्हणाले, जिल्हा नवा झाला तर काय झालं, विहिरी त्याच, पाटी बदलली. माझी बायको मात्र ट्रंक भरता भरता म्हणाली, "जिल्हा नवा हाय ना? मग आपली रीत बी नवी." नातीनं ते उचललं. मुलखाचं नाव ठेवलं 'नवा जिल्हा'.

तिनं मला विचारलं, "आबा, यात आजीला घेऊ का?"

"कशी घेणार?"

"पाणकरीण म्हणून. सगळ्या जिल्ह्याचं पाणी तिच्या ताब्यात."

देगलूरवाला म्हणाला, "जलदेवी करू की! मंदिर, आरती, नैवेद्य."

"देवी करायची न्हाई," मी म्हणालो. "माझ्या बापानं घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडले. आता तुम्ही माझ्याच बायकोला देव करता व्हय? ती बाई होती. रागावली की उलथनं फेकायची."

"बरं बरं, देवी नाही," नात म्हणाली. "बाईच."

मी म्हणालो, घ्या. फक्त जशी होती तशी घ्या. माझं म्हणणं तेवढंच होतं. तिचा आवाज आमच्याकडं कुठं धरून ठेवलेला नाही, फोटो आहेत ते लग्नकार्यातले, सगळ्यांत ती दुसऱ्या कोणाच्या तरी मागं उभी. लातूरच्या खोलीला कुलूप. तिची म्हणून काही गोष्ट उरली तर ती या पोरांच्या खेळातच उरणार होती, मग ती खोटी उरून चालणार नव्हती.

त्याच दुपारी, मी आडवा होतो, डोळा लागत होता, नातीनं विचारलं, "आबा, तुमच्या वेळच्या दुष्काळात पाणी कसं वाटायचे?"

मी सांगितलं, "कामावर रांजण असायचा. एक बाई उभी राहून वरून ओतायची, आपण खाली बसून ओंजळीनं प्यायचं." आणि कुशीवर वळलो.

पुढच्या रविवारी नातीनं चित्र काढून आणलं. कॉम्प्युटरवर काढलेलं, रंगीत कागदावर छापलेलं. नाक माझ्या बायकोचंच, बसकं. कपाळावरचा व्रण तिचा. जुनेर नेसलेली, उंच ओट्यावर उभी. तांब्या धरलेला हात आभाळात. तिथून पाण्याची बारीक धार खाली, आणि खाली गुडघ्यावर बसलेला पाहुणा, ओंजळ वर केलेला.

"ही नव्या जिल्ह्याची रीत," नात सांगत होती, इतकी खुशीत होती. "उंच धार. पाहुणा जितका मोठा, तितक्या उंचावरून पाणी. आणि त्यानं एक थेंब खाली सांडू द्यायचा नाही. सांडला तर फासा टाकायचा."

"भारी," देगलूरवाला म्हणाला.

मी चित्र बघत राहिलो. तोंडातून निघालं, "हे काढ."

"काय काढू?"

"ती धार. तिच्या हातातली."

"का आबा? किती सुंदर आहे. तुम्हीच तर सांगितलं."

तेव्हा मला कळलं की पोरीला माहीतच नाही. पुस्तकातलं पाणी, तळ्याच्या सत्याग्रहाचं, तिला पाठ होतं, जयंतीला ती त्यावर भाषण करायची. आपल्या घरातलं पाणी तिला कोणी सांगितलं नव्हतं. बायको म्हणायची, पोरांना सांगायचं तर सगळं सांगा, न्हाईतर गप ऱ्हावा. आम्ही गप राहिलो होतो. तिथं बाहेरची दोन पोरं बसलेली. म्हटलं बसू द्या.

मी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात आमचं नवंच लग्न झालेलं. दोघं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. त्या साली जमीनवाले बी कामावर होते, पाटलाच्या भावकीतल्या बाया पदर डोक्यावर ओढून आमच्या शेजारी हातोडा मारायच्या. जेवायला सगळ्यांना तीच सुकडी, मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची तीच लाल भाकर. पाणी वेगळं. रांजणावरची बाई आमच्याच गावातल्या कुणब्याची होती. आपल्या माणसांना ती तांब्या हातात द्यायची. आम्ही गेलो की म्हणायची, "बसा." आम्ही बसायचं, ओंजळ धरायची, ती वरून ओतायची. तांब्याला हात लागू नये म्हणून वरून. जितकं उंच तितकं तिला बरं.

"आणि तुझ्या आजीची बोटं खडीनं फुटलेली," मी म्हणालो. "बोटं जुळायची न्हाईत. ओंजळ केली की पाणी खालून गळून जायचं. तोंडाला ओल लागायची, बस. एक थेंब सांडायचा न्हाई म्हणतीस तू."

मुदखेडवालीनं चित्र उलटं करून ठेवलं.

"मग आजीनं काय केलं?" नातीनं विचारलं.

"एक दिवस बसली असताना उठली. म्हणाली, म्या बसून न्हाई पिणार. तसाच हातोडा घेतला. दुसऱ्या दिवसापासून उजाडायच्या आत नाल्यात जायची, वाळूत झिरा उकरायची, पाणी साचायची वाट बघायची आणि आपलं मडकं आपण भरून कामावर आणायची. जो मागंल त्याला द्यायची. पण हातात. वरून कुणाला ओतलं न्हाई, लेकराला सुद्धा."

देगलूरचा पोरगा फासा बोटांत फिरवत होता. खाली बघून म्हणाला, "आमच्या शेतातल्या कोठ्यावर अजून हाय, आजोबा. येगळा गिलास. वळचणीला खोचलेला. मी कधी इचारलं न्हाई कुणाचा म्हणून."

"आता इचार," मुदखेडवाली म्हणाली.

"इचारायचं काय त्यात. कळलं की."

मग तिघांत वाद लागला. नात म्हणाली, मी ही रीतच काढून टाकते, असली घाण नव्या जिल्ह्यात नको. मुदखेडवाली म्हणाली, "वा गं! जग बुडालं म्हणून माणसं लगेच शहाणी होतात काय? कडबा राहतो, रांजण राहतो, मग हे पण राहणार. काढलंस तर तो मुलूख आपला राहत नाही, सहलीचं ठिकाण होतं." देगलूरवाल्याला दोन्ही पटत होतं, तो दोन्हीकडं मान हलवत होता. शेवटी मला विचारलं.

मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या. सीमेपलीकडच्यांची रीत म्हणून ऱ्हाऊ द्या. पण तिच्या हातात न्हाई. तिच्या दारात पाणी हातातून हातात."

"मग तुम्हीच व्हा पाणकरीण," नात म्हणाली.

"मी? बाई होऊ?"

"खेळात चालतं, आबा. तिला कोण ओळखतं तुमच्याशिवाय?"

"मिशी हाय मला."

"मिशी दिसत नाही खेळात," मुदखेडवाली म्हणाली.

मी उशाचा तांब्या घेतला. म्हटलं व्हायचं तर हातात काहीतरी पाहिजे. भरून घेऊन आलो, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. नातीनं गोष्ट सांगायला सुरुवात केली. देगलूरकडून एक माणूस चालत आलाय, ओठ फुटलेत, नव्या जिल्ह्याच्या वेशीवर पोचलाय. तो माणूस म्हणजे देगलूरवाला. त्याच्या मुलखात खालच्यांना वरून ओततात, आणि परक्याच्या हातचं कोणी घेत नाही.

"नीळ्ळू," तो म्हणाला आणि गुडघ्यावर बसून ओंजळ धरली.

"ऊठ," मी म्हणालो. "इथं बसून पाणी मिळत न्हाई. हातात घे."

"वरून ओता, माय. आमच्यात हातात घेत न्हाईत."

'माय' म्हणाला तो मला. चेष्टेनं नाही. मी तांब्या पुढं धरला. पोरगा वर बघत होता, आणि मला खडीवरची ती दुपार दिसत होती. त्या दिवशी पाण्याची गाडी आली नव्हती. रांजण कोरडा पडला, आणि ती रांजणवालीच आमच्यापाशी आली. लांब बसली, ओंजळ पुढं केली. वरून ओतलं असतं तर ती प्यायली असती. माझी बायको मडक्यातून तांब्या भरून उभी राहिली आणि म्हणाली, "हातात घ्या, बाई. मला वरून ओतता येत न्हाई." हात लांब करून उभी. बाकीच्या बायांचे हातोडे थांबलेले.

"फासा टाक," नात देगलूरवाल्याला म्हणाली. "घेतोस की नाही, ते फासा ठरवील."

त्यानं टाकला. फासा सतरंजीवरून घरंगळत माझ्या पायापाशी आला. आकडा लहान होता.

"गेला," मुदखेडवाली हळूच म्हणाली.

पोरगा उठला. खेळातला माणूस वेशीवरून परत फिरला, तहानलेलाच. नातीचं तोंड उतरलं. "हे बरोबर नाही. परत टाक. आजीच्या दारातून कोणी तहानलेलं जाणार नाही."

"परत टाकायचा न्हाई," मी म्हणालो. "असंच झालं होतं."

"काय?"

"ती रांजणवाली बी उठून गेली. संध्याकाळपर्यंत उन्हात बसली, पण घेतलं न्हाई. तुझ्या आजीनं हात अवघडंपर्यंत तांब्या धरला, मग खाली घेतला. घरी आल्यावर म्हणाली, आज न्हाई घेतलं तिनं. पहिल्या खेपेला असंच असतं."

"मग दुसऱ्या खेपेला?"

"ती लई वर्षांनी. आम्ही लातुरात होतो. दाराशी रांजण ठेवलेला असायचा, येणाराजाणारा पाणी प्यायचा, तुझी आजी हातात द्यायची. मी कचेरीतून आलो की रोज विचारायची, 'साहेब लोकं तुमच्या हातचं प्याले का?' मी म्हणायचो, प्याले, एक जण घरून आणतो. ती म्हणायची, 'आणू द्या. वजन त्याच्याच खांद्याला.' तर ती रांजणवाली, म्हातारी झालेली, नवऱ्याला दवाखान्यात घेऊन लातूरला आली. गावातलं लातुरात कोण ओळखीचं? आमचं दार. पायरीवर बसली. आजी तांब्या घेऊन आली, पुढं धरला. म्हातारीनं जरा बघितलं. घेतला. पण तोंड लावलं न्हाई. मान वर करून वरूनच घटाघटा प्याली."

"म्हणजे तरी वरूनच," मुदखेडवाली म्हणाली.

"हाव. मी बायकोला तेच म्हणालो, अजून वरूनच की. तर ती म्हणाली, 'वरून का होईना, माझ्या हातातनं घेतलं. तोंड लावंल तवा लावंल.' आणि म्हातारीला भाकर वाढायला गेली."

ती म्हातारी पुन्हा आली नाही. पुढं तोंड लावलं असतं का नाही, ते कळायचं राहून गेलं.

बोलता बोलता मी तांब्या तसाच पुढं धरून होतो. या वयात हात लवकर भरून येतो, तांब्या कलून पाणी काठावरून सांडत होतं. मी खाली घेणार होतो. देगलूरवाला पोरगा समोर उभाच होता. खेळातून बाहेर आलेला, कपाळावर घाम.

"आजोबा, मला खरंच तहान लागलीय," तो म्हणाला.

त्यानं दोन्ही हातांनी तांब्या धरला. सवयीनं मी लगेच सोडला नाही. त्याची बोटं नीट बसली, मग सोडला. त्यानं तांब्याच्या काठाला तोंड लावलं आणि प्याला, अर्धा तांब्या. हातानं ओठ पुसले आणि तांब्या परत माझ्याच हातात दिला. मुदखेडवाली म्हणाली, "मला ठेव की रे हावऱ्या," आणि माझ्याकडून घेऊन ती बी प्याली, मग तांब्या परत दिला. नात रडत होती, पण तिला चित्र दुरुस्त करायची पण घाई झाली होती. "हात खाली घ्यायचा ना, आबा? किती खाली?"

"छातीएवढा," मी म्हणालो. "आणि समोरचा उभा दाखव."

तेवढ्यात सून आतून आली. सतरंजी भिजलेली बघून म्हणाली, "मामा, अहो एवढं पाणी सांडलं! नळ केव्हा येईल त्याचा पत्ता नाही." तिनं फडकं आणलं, सगळं टिपून घेतलं आणि गॅलरीत नेऊन कढीपत्त्याच्या कुंडीत पिळलं. मी तांब्या घेऊन तिच्यामागं गेलो. तळाशी घोटभर राहिलं होतं. ती कामानं तापलेली होती, तिच्यापुढं धरला.

"मला?" ती म्हणाली.

"हातात घे," मी म्हणालो.